एकाच घरात एकाला किरकोळ, दुसऱ्याला जीवघेणा टीबी: जंतूत फरक असतो का?

रानजाई

नमस्कार मंडळी. इथे आरोग्यावर लिहिणारे पुष्कळ जाणकार आहेत म्हणून विचारतेय. मी कॉमर्सवाली, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास माझ्या आतेभावाला टीबी निघाला. वय २६. तीन महिने खोकत होता आणि घरातले हवा बदलली म्हणून काढे पाजत होते. छातीचा फोटो काढला तर डाव्या फुप्फुसात वरच्या बाजूला चांगली लिंबाएवढी कॅव्हिटी, म्हणजे पोकळी. वजन ४१ किलोवर आलेलं. एकदा खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा ऍडमिटच करावं लागलं. मग घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली आणि आत्याच्या मानेत गाठ सापडली. तीही टीबीचीच. पण आत्याला ना ताप ना खोकला. गोळ्या चालू असतानाही रोजचे वीस डबे तिने चुकवले नाहीत. दोघांचा कोर्स पूर्ण झालाय, दोघंही आता बरे आहेत.

वॉर्डात शेजारच्या खाटेवरचे एक काका भावाला म्हणाले होते, "तुझा जंतूच जहाल दिसतोय." ते वाक्य त्याच्या डोक्यातून जात नाहीये. जंतूच्या जनुकांमुळे आजार सौम्य किंवा जहाल होतो असं खरंच असतं का?

वाकडी_वाट

वाचतोय. आमच्या चाळीत एकाच मजल्यावर तिघांना झाला होता, तिघांच्या तीन तऱ्हा. जागा अडवून ठेवतो.

पेट्रीबशी

या जंतूवर प्रयोगशाळेत काही वर्षं घालवली आहेत, त्यामुळे हात शिवशिवले. प्रतिसाद लांबणार, चहा घेऊन बसा.

टीबीच्या जंतूचा जनुकसंच १९९८ साली पूर्ण वाचला गेला. साधारण ४४ लाख अक्षरं आणि ४,००० च्या आसपास जनुकं. पटकीचा किंवा घटसर्पाचा जंतू एक ठरावीक विष सोडतो आणि त्या विषाचं जनुक बोट ठेवून दाखवता येतं. या बेट्याचं तसं नाही. त्याचं सगळं राजकारण आहे ते आपल्याच भक्षक पेशीत शिरून तिथे बिऱ्हाड करण्याचं.

कुठली जनुकं आजार घडवतात याचा पहिला मोठा धागा मिळाला तो टीबीच्या बीसीजी लशीतून. काल्मेत आणि गेरँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये लील शहरात गाईच्या टीबीचा जंतू घेतला आणि ग्लिसरीन नि बैलाचं पित्त लावलेल्या बटाट्याच्या फोडीवर वाढवायला घेतला. दर तीन आठवड्यांनी जुन्या फोडीवरून नव्या फोडीवर. हे १३ वर्षं, २३० वेळा. मध्ये पहिलं महायुद्ध होऊन गेलं, पण बटाटे चालू होते. १९२१ पर्यंत जंतू इतका मवाळ झाला की बाळांना द्यायला सुरुवात झाली. आपल्या दंडावरचा वण तो हाच.

गंमत म्हणजे तो का मवाळ झाला हे त्या दोघांना शेवटपर्यंत कळलं नाही. १९९६ मध्ये दिसलं की बीसीजीतून साडेनऊ हजार अक्षरांचा एक तुकडाच गळून पडलाय. त्याला आरडी-१ म्हणतात. पुढे काही वर्षांत लोकांनी उलटसुलट दोन्ही प्रयोग केले. तो तुकडा बीसीजीत परत बसवला तर तो पुन्हा थोडा उर्मट झाला, आणि खऱ्या टीबीच्या जंतूतून काढला तर तो मवाळ झाला.

या तुकड्यात एका पंपाची जनुकं आहेत. जंतू त्या पंपातून ईसॅट-६ नावाचं प्रथिन बाहेर टाकतो. भक्षक पेशी जंतूला गिळून एका पिशवीत बंद करते, तिथे त्याला मारायचा बेत असतो. पंप चालू असेल तर पिशवीला भोक पडतं, पेशी मरते, तिला खायला नव्या पेशी धावत येतात आणि जंतूला नवी बिऱ्हाडं आयती मिळतात. झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांत हे सूक्ष्मदर्शकाखाली चक्क बघता येतं. त्यात माशांच्या टीबीचा जंतू वापरतात, पण पंप तोच. मी पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं.

अवांतर: ईसॅट-६ बीसीजीत नसल्यामुळे त्याचा एक फायदा झाला. टीबीची लागण ओळखायच्या जुन्या मॅन्टू त्वचाचाचणीला बीसीजी घेतलेला माणूसही फुगवटा दाखवतो. पुण्याच्या सीरमची सीवाय-टीबी ही त्वचाचाचणी याच गळालेल्या तुकड्यातल्या प्रथिनांवर बेतलीय, त्यामुळे लशीची आठवण कुठली आणि जंतूची कुठली हे वेगळं काढता येतं.

वाकडी_वाट

झालं मग, प्रश्न मिटला. भावाच्या जंतूत आरडी-१ होता, आत्याच्या जंतूत नव्हता. धागा बंद करा.

पेट्रीबशी

@वाकडी_वाट, हलकेच घ्यायचं म्हणून सोडलं असतं, पण नेमकी हीच चूक शिकलेले लोकही करतात. पेशंटकडून येणाऱ्या टीबीच्या जंतूंत आरडी-१ असतोच. तो आजार होणं आणि न होणं यातला फरक सांगतो, आजारी पडलेल्या दोघांतला नाही.

आणि रानजाई, तुमच्या घरापुरतं बोलायचं तर उत्तर वेगळंच आहे. टीबीचा जंतू फार सावकाश बदलतो. ४४ लाख अक्षरांत वर्षाला सरासरी अर्धं अक्षर. एकाच घरात एकाकडून दुसऱ्याला लागण झाली असेल तर दोघांचे जंतू चार-दोन अक्षरांनी वेगळे असतील, बहुतेक वेळा तेवढेही नाही. म्हणजे भाऊ आणि आत्या यांच्यातला फरक जंतूच्या जनुकांवर ढकलायला जवळजवळ वावच नाही. ते काका चुकले.

स्टेथोबा

वर लिहिलेल्याला दुजोरा. मी छातीच्या रोगांचा डॉक्टर, आता निवृत्त. एकच जंतू आणि वेगवेगळी माणसं याचा इतिहासातला सर्वांत क्रूर दाखला ल्यूबेकचा. जर्मनीतल्या त्या गावात १९३० साली बाळांना तोंडावाटे बीसीजी देताना तिच्यात जहाल टीबीचा जंतू मिसळला गेला. अडीचशेच्या आसपास बाळं. सत्तरहून जास्त दगावली. पण उरलेल्यांतली बहुतेक आजारी पडून बरी झाली, आणि तेव्हा टीबीवर एकही औषध नव्हतं. जंतू सगळ्यांच्या पोटात तोच गेला होता. काहींच्या वाट्याला डोस जास्त आला, काहींच्या कमी. बाकीचं ज्याच्या त्याच्या शरीरावर.

तेव्हा भाऊ आणि आत्या यांच्या बाबतीत मी आधी विचारीन: साखर तपासली होती का? वजन आधीपासूनच कमी होतं का? विडी-सिगरेट? आणि निदान किती उशिरा झालं? तीन महिने काढे, हे उत्तरातलं निम्मं उत्तर आहे. गाठीचा टीबी मुळातच कमी जंतूंचा असतो. कॅव्हिटीत त्यांची जत्रा भरते. त्यामुळे या दोघांची तुलना फोटोवरून करूच नये.

पण जंतूजंतूंत फरक नसतो असा अर्थ मात्र काढू नका. तो असतो, आणि तो सगळ्यांत आधी ज्यांनी नीट मोजला त्यांत मद्रासची मंडळी होती.

१९५६ मध्ये मद्रासला टीबीच्या औषधोपचारांचं केंद्र सुरू झालं. आरोग्यधामात ठेवून उपचार आणि घरी ठेवून उपचार, दोन्ही सारखेच लागू पडतात, हे तिथलं गाजलेलं काम. तिथेच डेनिस मिचिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रासच्या आणि ब्रिटनच्या पेशंटचे जंतू घेतले आणि गिनीपिगना टोचले. १९६० साली निकाल छापला: मद्रासचे बरेच जंतू गिनीपिगमध्ये स्पष्टपणे मवाळ. हायड्रोजन पेरॉक्साइडलाही ते लवकर मरत. आता गंमत पाहा. ज्या माणसांच्या बेडक्यातून हे 'मवाळ' जंतू काढले होते, त्यांची फुप्फुसं मात्र कॅव्हिट्यांनी पोखरलेली होती. गिनीपिगचं प्रमाणपत्र माणसाला लागू पडेना.

डबीवाला

डॉक्टरसाहेबांना सलाम. आम्ही थुंकीच्या डब्या गोळा करत गावोगाव फिरलेली माणसं, आम्हाला जनुकबिनुक काही कळत नाही. पण एक सांगतो. पेशंट एमडीआर, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा, निघाला की घरचे म्हणतात 'जहाल टीबी'. कधीकधी स्टाफही तसंच बोलतो. ते बरोबर आहे का?

पेट्रीबशी

@डबीवाला, फार कामाचा प्रश्न. औषधाला दाद न देणं वेगळं आणि जहाल असणं वेगळं.

रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध जंतूच्या ज्या प्रथिनाला धरतं त्याचं जनुक आरपीओबी. त्यात ठरावीक जागी अक्षर बदललं की औषधाची पकड सुटते. पण ते प्रथिन जंतूच्या रोजच्या कारभारातलं असतं, म्हणून बदलाची किंमत मोजावी लागते आणि जंतू जरा रखडत वाढतो. मग काही जंतू शेजारच्या आरपीओसी जनुकात दुसरा बदल करून ती तूट भरून काढतात आणि पुन्हा दौडू लागतात. आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाचंही तसंच. केटजी जनुक पूर्ण मोडलं तर जंतू लंगडा होतो, पण पेशंटमध्ये सगळ्यांत जास्त दिसणारा बदल असा आहे की औषध निकामी होतं आणि जंतूचं स्वतःचं काम जवळपास शाबूत राहतं. हजार वाटांतून नेमकी स्वस्तातली वाट तगते.

तेव्हा एमडीआर पेशंट जास्त खंगतो त्याचं मोठं कारण म्हणजे योग्य औषध मिळेपर्यंत गेलेले महिने. तुमच्या केंद्रातली ट्रूनॅट, जी गोव्यात बनते, किंवा सीबीनॅट, ही यंत्रं जंतू आहे का आणि आरपीओबीत बदल आहे का एवढंच बघतात. 'जहाल की मवाळ' असं सांगणारी तपासणी दवाखान्यात अस्तित्वातच नाही.

शमाताई

मला एक वेगळंच विचारायचंय. जनुक म्हणजे आनुवंशिक ना? पुतणीचं स्थळ बघतोय. मुलाच्या वडिलांना तरुणपणी टीबी झाला होता असं कळलं. तुमचं हे सगळं वाचून आणखीच घाबरले.

स्टेथोबा

ताई, इथे चाललेली सगळी चर्चा जंतूच्या जनुकांची आहे, माणसाच्या नव्हे. जंतूची जनुकं जंतूच्या पोरांना जातात, तुमच्या भावी जावयाला नाहीत. टीबी एका घरात अनेकांना होतो कारण ते एका हवेत श्वास घेतात आणि एका चुलीवरचं अर्धपोटी जेवतात. कोर्स पूर्ण केलेल्या माणसाच्या मुलाला नकार देणं हा निव्वळ अन्याय. नोकरी, स्वभाव, दारू बघा.

शमाताई

आभारी आहे डॉक्टर. यजमानांना वाचून दाखवलं. सध्या गप्प आहेत.

वाकडी_वाट

धाग्याचं वधूवर सूचक मंडळ व्हायच्या आत मूळ मुद्द्यावर येतो. पेट्रीबशी, घरातल्या घरात फरक नाही हे पटलं. पण चीनचा जंतू, मद्रासचा जंतू, युरोपचा जंतू, यांच्यात तरी आहे ना? आणि कुठल्या जनुकामुळे? सरळ नाव सांगा.

पेट्रीबशी

सरळ नाव सांगितलं की दोन वर्षांनी कोणीतरी ते खोटं पाडतं, हाच या विषयाचा इतिहास. दोन गोष्टी सांगतो.

पहिली अमेरिकेतली. १९९४ ते ९६ मध्ये केंटकी आणि टेनेसीच्या सीमेवर, जिथे टीबी जवळपास नव्हताच अशा खेड्यात, कपड्यांच्या कारखान्यातल्या एका कामगाराकडून साथ पसरली. संपर्कातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह. सगळे हादरले, 'महाजहाल जंतू' म्हणून बोंब झाली. त्या जंतूचं नाव सीडीसी-१५५१. त्याचाही जनुकसंच वाचला गेला. आणि मग उंदरांत नीट तुलना केली तर काय? त्याने उंदीर लवकर मरत नव्हते, उलट जास्त जगत होते. हा जंतू शरीराची प्रतिकारयंत्रणा जोरात खवळवत होता. त्वचेवरचा तो मोठा फुगवटा जहालपणाचा नव्हता, आरडाओरड्याचा होता.

दुसरी अमेरिकेतल्याच ह्यूस्टन शहरातल्या साथीतल्या एचएन-८७८ या जंतूची. हा बीजिंग कुळातला. याने उंदीर भराभर मरत, आणि याच्या बाबतीत प्रतिकारयंत्रणा गाफील राहायची. २००४ मध्ये कारण छापून आलं: पीकेएस १५/१ हे जनुक त्याच्यात अखंड आहे, त्यामुळे तो एक खास मेणचट द्रव्य बनवतो आणि ते द्रव्य शरीराच्या प्रतिकाराच्या पहिल्या फळीला झोपवतं. युरोप-अमेरिकेतल्या कुळात याच जनुकातली सात अक्षरं गळालेली आहेत, म्हणून त्यांना ते द्रव्य बनवता येत नाही. किती सुबक! चार वर्षांनी प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जंतूला ते द्रव्य बनवायला लावलं, तर तो काही जहाल झाला नाही. म्हणजे एकट्या त्या जनुकाचं काम नव्हे.

याहून चक्रावणारं म्हणजे एमसीई-१ नावाचा जनुकांचा गट. तो मोडला तर जंतू दुबळा व्हायला हवा ना? उंदरांत तो उलट जास्त मारक झाला. म्हणजे जंतूने स्वतःलाच घातलेला लगाम त्याच्या जनुकांत आहे.

आणि असा लगाम त्याला का हवा, हे इथल्या डॉक्टरांपेक्षा डबीवाले जास्त चांगलं सांगतील. पेशंट महिन्याभरात मेला तर जंतूचा काय फायदा?

डबीवाला

काहीच नाही. आमचा अनुभव असा की पसरवतो तो उठून कामाला जाणारा, एसटीत बसणारा, तंबाखू मळत पारावर खोकणारा. अंथरुणाला खिळलेल्याच्या खोलीत तसंही कोणी जात नाही.

पेट्रीबशी

नेमकं. या जंतूला खोकणारा, हिंडणारा माणूस हवा. त्यासाठी कॅव्हिटी हवी. आणि कॅव्हिटी बऱ्याच अंशी आपल्याच प्रतिकारयंत्रणेने केलेली नासधूस असते. एचआयव्हीमुळे ज्यांची ती यंत्रणा खूप खचलेली असते, त्यांच्यात कॅव्हिट्या कमी दिसतात आणि तरीही मृत्यू जास्त होतात. २०१० मध्ये एक निष्कर्ष आला तेव्हा आम्ही लॅबमध्ये दिवसभर वाद घातला होता. बहुतेक जंतू आपल्या नजरेत येणारे भाग बदलत राहतात, वेषांतर करतात. टीबीच्या जंतूत नेमके ते भागच सगळ्यांत कमी बदललेले आढळले. त्याला ओळखलं जायला हवंय! घरमालकाने दार तोडावं म्हणूनच आत दडलेला भाडेकरू.

म्हणून 'तीव्रता' हा शब्द मला या विषयात खटकतो. उंदीर किती दिवसांत मेला, फोटोत केवढी कॅव्हिटी आहे, किती जणांना लागण झाली, मेंदूत गेला का, हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची जनुकं वेगळी असू शकतात.

वाकडी_वाट

म्हणजे माणसांत काहीच सिद्ध नाही? मग एवढा निधी कशाला जाळताय?

पेट्रीबशी

@वाकडी_वाट, आहे की. पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियाचं घ्या. तिथे नेहमीचा टीबी आहे आणि मायकोबॅक्टेरियम आफ्रिकॅनम नावाचं त्याचं भावंडही. दोन्हींच्या पेशंटच्या घरातल्या माणसांवर लक्ष ठेवलं. लागण दोन्हीकडे सारखीच. पण पुढच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष आजारी पडण्याचं प्रमाण आफ्रिकॅनमच्या घरांत बरंच कमी. हे उंदीर नाहीत, माणसं आहेत.

आणि त्या भावंडात फॉप-आर ही जनुकांची जोडी बिघडलेली सापडते. ही जोडी म्हणजे जंतूचा मुकादम. आत किती आंबट आहे ते हुंगायचं आणि त्यानुसार पुष्कळ जनुकांना कामाला लावायचं. मघाच्या ईसॅट-६ च्या पंपावरही याचाच वचक. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात तो एच३७ हा जंतू १९०५ मध्ये अमेरिकेतल्या सॅरनॅक लेकच्या आरोग्यधामातल्या एका पेशंटकडून घेतलेला. १९३० च्या दशकात त्याच्या दोन शाखा झाल्या, एक जहाल आणि एक मवाळ. मवाळ शाखेत या जोडीतल्या फॉप जनुकात एक अक्षर बदललंय. तिच्यात आणखीही बिघाड आहेत, पण मुकादमच झोपल्याने बरंचसं काम बसलं.

याच माहितीवर स्पेनमधल्या झारागोझा विद्यापीठात कार्लोस मार्टिन यांच्या गटाने माणसाच्याच टीबीच्या जंतूतून फॉप आणि आणखी एक जनुक काढून एमटीबीव्हॅक ही लस केली. भारत बायोटेकने तिच्या चाचण्या २०२४ पासून आपल्याकडे सुरू केल्यात. काल्मेत आणि गेरँने २३० बटाट्यांवर आंधळेपणाने जे केलं, ते इथे नेम धरून केलंय. लागू पडेल तेव्हा खरं.

स्टेथोबा

आपल्या देशातही कुळं वेगवेगळी आहेत हे जाता जाता सांगतो. दक्षिणेत जुनं हिंदी महासागरी कूळ जास्त, उत्तरेत वेगळं, आणि मुंबईत सगळ्यांची खिचडी, बीजिंग धरून. मिचिसनना गिनीपिगमध्ये मवाळ दिसलेले जंतू याच दक्षिणी कुळाशी जुळतात. हे कूळ पसरतंही तुलनेने संथ. पण ज्याला झालाय त्याचा एक्स-रे बघून तुम्ही कूळ ओळखू शकणार नाही. मला चाळीस वर्षांत कधी जमलं नाही.

आणि माणसाच्या बाजूचं एक सांगून थांबतो. झारखंडमध्ये टीबीच्या पेशंटच्या घरच्यांना महिन्याचं जादा धान्य आणि जीवनसत्त्वं देऊन पाहिली, निकाल २०२३ मध्ये आला. घरात नवे पेशंट होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. फॉप जनुक मोडून माणसांत एवढं काही अजून कोणी दाखवलेलं नाही. पेट्रीबशींनी राग मानू नये.

पेट्रीबशी

राग कसला, बाय डिफॉल्ट सहमत.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन वेळा वाचलं, अर्धं समजलं असेल. डॉक्टर, भावाची साखर नॉर्मल होती. पण कॉल सेंटरची रात्रपाळी, दोन वेळचं जेवण म्हणजे वडापाव, आणि सिगरेट. आधीचं वजनही ४९ च होतं. आत्या डबे करते, त्यामुळे तिच्या पोटात चार घास वेळेवर जातात, हे मला तुमच्या प्रश्नामुळे सुचलं.

धागा त्याला वाचायला दिला. ल्यूबेकचा भाग वाचून बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे आईला माझाच गेला, आणि तोच होता." मी म्हटलं, बहुतेक. पेट्रीबशी, हे नक्की कळू शकेल का? दोघांचे जंतू ताडून बघून?

पेट्रीबशी

दोघांचेही नमुने वाढवून ठेवले असतील तर कळेल, जनुकसंच वाचून. पण गाठीतून सुईने काढलेला नमुना बहुतेक वेळा तेवढ्यापुरता तपासतात, जपून ठेवत नाहीत. आणि उलटंही असू शकतं हं. दोघांनाही तिसऱ्याच कुणाकडून लागण झाली असेल. लागण होऊन वर्षानुवर्षं झोपलेला जंतूही जागा होतो. भावाला हे नक्की सांगा.

रानजाई

सांगितलं. त्याला आता आत्याकडे डबे घ्यायला येणाऱ्या वीसही जणांची यादी करायचीय. आत्या चिडलीय, म्हणते गिऱ्हाईक पळेल.

डबीवाला

आत्याबाईंना सांगा, गाठीचा टीबी डब्यातून जात नाही. यादी करायचीच तर भाऊ रात्रपाळीला कोणाशेजारी बसायचा त्यांची करा. त्यांतल्या कोणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर जवळच्या केंद्रात पाठवा. डबी फुकट मिळते.